कणांची पंगत

९ एप्रिल, बुधवार

पुन्हा फिसकटलं!

सकाळी डिश उघडली तर फिल्म नाही, डाग. बशीत चहा सांडून वाळला की कडेला गडद गोल उरतो ना, तसा. फरक एवढाच की हा सोन्याचा डाग. लॅबमधल्या रुद्रेशने वाकून बघितलं आणि म्हणाला, "परवा लेदू." देगलूरचा माणूस, 'काही हरकत नाही'सुद्धा तेलुगूत. जगबुडी आली तरी परवा लेदूच म्हणेल. त्याचं काय जातंय, त्याचा प्रबंध टायपिंगला गेलाय.

माझ्या गाइड मॅडम ऑगस्टअखेर निवृत्त होतात. त्याच्या आत फिल्म नीट जमली नाही तर माझं नाव दुसऱ्या गाइडकडे जाणार. आणि त्या सरांनी आधीच सांगून ठेवलंय — माझ्याकडे यायचं तर विषय नवा. म्हणजे इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात. आज एवढंच.

११ एप्रिल, शुक्रवार

जळकोटहून मायचा फोन. शेजारच्या तारामतीकाकू विचारत होत्या म्हणे, तुमची पोरगी नांदेडात नेमकं करती काय. मायला सांगता आलं नाही, त्याचा राग माझ्यावर.

मग सांगितलं. सोन्याचे कण, इतके बारीक की डोळ्यांना दिसायचा प्रश्नच नाही. प्रत्येक कणाला आम्ही केस लावतो — थर्मोकोल ज्याचं बनतं त्याच पदार्थाच्या लांब साखळ्या. केस नसले तर कण एकमेकांना चिकटतात, गठ्ठा होतो. केस असले की प्रत्येक जण शेजाऱ्याला हातभर लांब ठेवतो. असे कण टोल्युईन नावाच्या द्रावकात घोळवायचे आणि त्याचा थेंब एका दाट द्रवावर सोडायचा. थेंब पसरतो. टोल्युईन हळूहळू उडून जातं. आणि कण आपले आपण ओळीत बसतात! कुणी बसवत नाही. पंगतीला माणसं बसतात तशी. मांडी घातली की दोघांमधलं अंतर आपोआप ठरतं, कुणी टेप घेऊन मोजत नाही.

माय सगळं ऐकून म्हणाली, "मंग पंगतीला जेवायला काय हाय?"

हसले, पण प्रश्न बरोबर होता. नुसतं ओळीत बसून काय करायचं? तर गंमत अशी की त्या केसांना द्रावकाची वाफ लागली की ते फुगतात, कण लांब सरकतात आणि निळी फिल्म लालसर होते. फवारणीच्या औषधात असलंच द्रावक असतं, रॉकेलसारख्या वासाचं. फवारताना अण्णा तोंडाला दस्ती बांधतात. दस्तीच्या आत ही पट्टी असली आणि लाल झाली, की समजायचं वाफ आत येऊन राहिली. रानाबाहेर यायचं.

फवारणीच्या दिवशी अण्णा न जेवता डोकं धरून पडतात, ते मायला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मग म्हणाली, "करून टाक मंग लवकर." जसं काही पोळ्याच लाटायच्या आहेत.

१७ एप्रिल, गुरुवार

फोटोंची वाट. आमच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नाही. टिकलीएवढ्या तांब्याच्या जाळीवर फिल्म उचलायची, डबीत घालून हैदराबादला एका संस्थेत पाठवायची आणि दहावीच्या निकालासारखं बसायचं.

निकाल आला की उमादेवी मॅडमचा नियम — आधी तोंडी, मग चित्र. लॅपटॉप बंद. समोर बसायचं आणि काय दिसलं ते मराठीत सांगायचं. 'अंशतः सुव्यवस्थित रचना' असलं काही तोंडातून निघालं की त्यांचा हात वर होतो. हे तुला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे, म्हणतात, तुला काय दिसलं ते सांग. पहिल्या वर्षी मी बाहेर येऊन रडायचे. आता कळतं. सांगायचं आहे म्हटल्यावर बघणंच बदलतं. नुसतं 'छान आला' म्हणून पुढच्या फोटोवर जाता येत नाही. मग चित्र म्हणतात खरं, पण चित्राची वेळ क्वचितच येते. तोपर्यंत त्यांना सगळं कळलेलं असतं. "ठेव, बघते मी," म्हणतात, झालं.

आणखी एक. बोलताना मॅडम आपल्या तोंडाकडे बघत नाहीत, कानाकडे बघतात. मान जराशी वळवलेली. मला वाटायचं रागावल्यात. रुद्रेश त्याला कर्णदर्शन म्हणतो आणि नक्कल अशी हुबेहूब करतो की एकदा शिपाई उठून उभा राहिला.

पण बाईंचं नाक! आज लॅबच्या दारातूनच म्हणाल्या, टोल्युईनच्या बाटलीचं बूच नीट बसलेलं नाही. जाऊन बघितलं. नव्हतं बसलेलं!

२३ एप्रिल, बुधवार

फोटो आले. हे मन लावून लिहिते.

सगळे वाईट. गर्दी, ढिगारे, भेगा. आणि त्यात एक फोटो — काय सांगू! एका कोपऱ्यातला एवढासा तुकडा, पण कण असे बसलेले की बघत राहावं. प्रत्येकाभोवती सहा शेजारी, ना कमी ना जास्त. कुणी सांगितलं त्यांना? इतकी वर्षं हेच करतेय, तरी असं दिसलं की छातीत काहीतरी हलतं. देवाधर्माचं मला फार नाही, पण हात जोडावेसे वाटतात.

रुद्रेशने माझ्या खांद्यावरून बघितलं. म्हणाला, "हेच सांग. बाकीचे कशाला? मॅडम कुठं फोटो उघडून बघून राहिल्यात?"

मोह झाला. का नाही होणार? हा तुकडा मोठा करून सांगितला असता तर मॅडमनी अहवालावर सही केली असती. विद्यापीठाच्या समितीसमोर हा एक फोटो बास होता. तुकडा काही खोटा नव्हता. मीच बनवलेला. फक्त बाकीचं सांगायचं नाही, एवढंच करायचं होतं.

आत गेले. मॅडमनी नेहमीसारखे डोळे मिटले आणि म्हणाल्या, "सांग."

मी तुकड्यापासूनच सुरुवात केली. पण डोळे मिटून कुणी आपलं ऐकत बसलं की थापा मारणं लई जड जातं. मग सगळंच सांगितलं. तुकडा चांगला, बाकी सगळी जत्रा. आवाज रडवेला झाला होता बहुतेक. त्यांनी सांत्वन वगैरे केलं नाही. विचारलं, गर्दी कुठे आहे, मध्ये की कडेला? कडेला. सगळीकडच्या कडेला? हे मी बघितलंच नव्हतं. परत बाहेर येऊन फोटो उघडले, जाळी डिशमधल्या कुठल्या बाजूची ते खुणांवरून जुळवलं. गर्दी एकाच अंगाला होती. पुन्हा आत.

"कुठल्या अंगाला?"

"दाराच्या."

"दाराकडे काय आहे?"

दाराकडे कूलर आहे. बाहेर त्रेचाळीस डिग्री, टोल्युईन भराभर उडतं, म्हणून डिशला गार वारा लागावा असा मीच कूलर तिकडे वळवून ठेवला होता. रोज बादलीने पाणी भरून! फिल्मची काळजी घेत होते मी. मॅडमना सांगितलं. इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवला. "कणांना उकडतंय म्हणून कूलर लावलास, पुनम?"

वारा ज्या बाजूने लागतो ती बाजू आधी वाळते आणि सगळे तिकडेच धावतात. एवढी साधी गोष्ट. बाईंनी फोटो न बघता पकडली!

तो चांगला तुकडा त्यांनी विचारलासुद्धा नाही परत.

२५ एप्रिल, शुक्रवार

कूलर बंद. रुद्रेश म्हणतो, "कणांसाठी आमाला शिजवून राहिली ही."

५ मे, सोमवार

कूलर बंद करून अर्धंच काम झालं. आता भेगा एका अंगाला नाहीत, सगळीकडे आहेत. उन्हाळा आहे, टोल्युईन थांबायलाच तयार नाही. कण बसायच्या आतच पंगत उठते. काचेचं झाकण घट्ट लावलं तर टोल्युईन उडतच नाही, फट ठेवली तर फटीशी गर्दी.

मॅडमकडे रडगाणं गायले. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे दही कशात लावतात? म्हटलं, आता स्टीलच्या डब्यात. "आणि पूर्वी?" गाडग्यात. "गाडग्यातलं घट्ट का व्हायचं?"

मातीच्या अंगातून पाणी चहूबाजूंनी जातं म्हणून. एकाच फटीतून नाही. सगळ्या अंगाने, सारखं, सावकाश! मी खुर्चीतून उठलेच. त्या म्हणाल्या बस, वाक्य पूर्ण कर. कुठलं पूर्ण करते, आनंद मावत नव्हता.

संध्याकाळी रुद्रेश बाजारातून तीन गाडगी घेऊन आला. कुंभारीण म्हणाली म्हणे, दही लावायचं तर आधी पाण्यात भिजवून घ्या. यानं सांगितलं, "सोन्याचं दही लावायचंय." तिनं पैसे आधी मागून घेतले.

१० मे, शनिवार

मॅडम नाहीत. लातूरला गेल्यात. दर महिन्याला एका शनिवारी जातात आणि सोमवारी जरा दमलेल्या येतात. रुद्रेशची पक्की खबर — तिकडे बंगला बांधून राहिल्यात. असेल. निवृत्तीनंतर निलंग्याला माहेरी जायचं म्हणतात, लातूर जवळ पडेल. स्कूटीही विकली त्यांनी, ऑटोने येतात. बंगल्याला पैसा लागत असणार.

डिशवर गाडगं पालथं घालून ठेवलंय. हात लावायचा नाही असं स्वतःला बजावलंय. तरी एकदा कान लावून आले. कशाचा आवाज येणार होता देव जाणे!

१२ मे, सोमवार

गाडगं उचललं.

डाग नाही. भेग नाही. द्रवावर एक निळं पांघरूण, कडेपासून कडेपर्यंत, आरशासारखं. ट्यूबलाइट त्यात सरळ दिसत होती. मी बघतच राहिले, जाळीवर रुद्रेशने उचलून दिलं. आज परवा लेदू म्हणाला नाही.

अजून फोटो बाकी आहेत. हुरळून जायचं नाही. गेलेच आहे!

११ जून, बुधवार

फोटो!!

मॅडमसमोर जाऊन बसले. म्हणाले, मॅडम, पंगत बसली.

"कडेपर्यंत?"

"कडेपर्यंत."

मग सविस्तर सांगितलं. ओळी कशा आहेत, दोन ओळींमधलं अंतर कसं सारखं आहे, एका ठिकाणी एक जागा रिकामी आहे — जेवण सोडून कुणी उठून गेल्यासारखी — आणि तिच्या भोवतीचे कसे जरासुद्धा हललेले नाहीत. मॅडम डोळे मिटून होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. त्यांनी टेबलावर बोटांनी सहा ठिपके टेकवले, गोलात, आणि मध्ये एक. गाल ओले झाले होते. या बाईंना मी कधी असं बघितलं नव्हतं. मला वाटायचं, शास्त्र त्यांच्यासाठी नुसता हिशेब आहे.

बाहेर येऊन रुद्रेशला सांगितलं. तो म्हणाला, इतकं आवडलं तर एकदा फोटो तरी बघायचा. मी त्याला म्हटलं, तुला नाही कळायचं. त्यांना बघायची गरजच पडत नाही.

खरंच किती मोठी बाई आहे! आम्ही पडद्याला नाक लावून बसतो. त्या मिटल्या डोळ्यांनी कण बघतात.

३ जुलै, गुरुवार

समितीसमोर सादरीकरण झालं. विषय कायम, नाव कायम, मॅडमच्याच हाताखाली प्रबंध जाणार! बाहेरून आलेले एक सर म्हणाले, फोटो सगळेच दाखवतात, पण फोटोत काय आहे ते असं सांगताना मी विद्यार्थी ऐकला नाही. मी मॅडमकडे बघितलं. त्या त्यांच्या कानाकडे बघत होत्या. रुद्रेशने मला कोपर मारलं. हसू दाबता दाबता माझी वाट लागली.

१९ जुलै, शनिवार

दोन दिवस प्रबंध मोठ्याने वाचून दाखवतेय — काल मॅडमना चौथं प्रकरण, आज त्या लातूरला म्हणून भिंतीला. कागदावर त्या लाल शाईने सुधारत नाहीत, ऐकून सुधारतात. कुठे अडखळले की म्हणतात, इथे तुलाच पटलेलं नाही. आणि दरवेळी बरोबर निघतं. राग येतो इतकं बरोबर निघतं.

घसा बसलाय. आल्याचा चहा.

३ ऑगस्ट, रविवार. जळकोट

पट्टी घेऊन घरी आले. पारदर्शक चिकटपट्टीवर फिल्म, त्यावर जाळीचं कापड. अण्णा आज सोयाबीन फवारणार होते. आधी म्हणाले, असलं काय तोंडाला बांधून फिरू, लोकं हासतील. माय म्हणाली, "लोकं डोकं दाबून देत न्हाईत रातच्याला." मग बांधली.

बांधावर बसून राहिले मी. अण्णा दोन ओळींमधल्या तासातून पुढे चाललेले, पाठीवर पंप. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते, जसं काही इतक्या लांबून पट्टी दिसणार होती! वारा फिरला. अण्णा थांबले, सरळ रानाबाहेर आले, दस्ती सोडली आणि माझ्यापुढे धरली. "बघ बरं. मला तर घशात जराशी खवखव वाटली."

आतली पट्टी लालसर झाली होती. डाळिंबाच्या दाण्यासारखी. मोकळ्या हवेत धरली तर बघता बघता कडेने निळी होत गेली, मग मधून. कण परत आपापल्या जागी! कुणी न सांगता. मी तिथं बांधावर टाळ्या पिटल्या. फोटो काढले, तीन-तीनदा. अण्णांनी दुसरी दस्ती घेतली, वाऱ्याकडे पाठ करून दुसऱ्या अंगाने फवारलं. रात्री जेवले. पिठलं-भाकर, वर कांदा. डोकं धरलं नाही.

एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. मॅडमही तेच म्हणतील. पण जेवले, हे लिहून ठेवते.

मॅडमना फोन करून सांगणार होते. मग ठरवलं, नाही. हे तोंडी सांगायचं नाही. हा लाल रंग त्यांना दाखवायचाच. एकदा तरी नियम मोडायचा — आधी चित्र!

१८ ऑगस्ट, सोमवार

मॅडम रजेवर. निवृत्तीच्या आधीच्या रजा संपवताहेत म्हणे. फोटो मोबाईलमध्ये तसाच. दाखवल्याशिवाय चैन नाही.

मायच्या डोळ्यांपुढे धूसर दिसतंय. मोतीबिंदू असणार. शनिवारी लातूरला दाखवायचं ठरलं.

२३ ऑगस्ट, शनिवार. लातूर

डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर मॅडम बसलेल्या. एकट्या. मायला नंबर लावायला पाठवलं आणि धावत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. हसले. त्यांनी मान वळवून माझ्या कानाकडे बघितलं आणि विचारलं, "सिस्टर, माझं इंजेक्शन आता आहे का?"

"मॅडम, मी पुनम."

त्यांनी हाताने चाचपून शेजारची पिशवी मांडीवर घेतली, मला जागा केली. मधलं दिसत नाही म्हणाल्या. कडेचं दिसतं, तेही अंधूक.

"कधीपासून?"

"तुझ्या पहिल्या फोटोच्या आधीपासून."

मला एप्रिलमधला तो तुकडा आठवला. म्हटलं, मॅडम, मी काहीही सांगितलं असतं तर? त्या म्हणाल्या, "पण तू सांगितलं नाहीस ना." मग नेहमीसारखे डोळे मिटले. "अण्णांच्या पट्टीचं काय झालं? सांग."

हातात मोबाईल होता, लाल पट्टीचा फोटो उघडलेला. तो पालथा ठेवला आणि सांगायला लागले.